घर घेऊन येणारा पाहुणा

मालवणच्या बंदराजवळ एका खानावळीपुढे आमची गाडी उभी राहिली, तेव्हा आतून मालकीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. गाडी कसली, चाकांवरचे घरच ते! चार माणसांच्या निजण्याची सोय, स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, न्हाणीघर, संडास, पाण्याच्या टाक्या, सगळे त्यात होते. बाईंनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, खिडकीतून आत डोकावून पाहिले आणि हसत हसत म्हणाल्या, ‘तुमी घरच घेवन इलात, तर आमच्याकडे रवतलात कित्याक?’

आम्ही सगळे हसलो. बाईही हसल्या. पण ते वाक्य माझ्याबरोबर मुंबईला परत आले आणि अजून मुक्काम हलवायला तयार नाही. उभी हयात बँकेत काढल्यामुळे मला कोणताही प्रश्न जमाखर्चाच्या दोन रकान्यांत मांडल्याशिवाय समजत नाही. आज तोच जमाखर्च वाचकांपुढे ठेवतो आहे.

ही सहल मुलाच्या डोक्यातून निघाली. परदेशात लोक असे घर घेऊन महिनोन्‌महिने हिंडतात. आपणही अलिबागपासून मालवणपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जाऊ, असे त्याने ठरवले. सूनबाईंना रजा मिळाली नाही. त्यामुळे मी, माझी पत्नी, मुलगा, नऊ वर्षांची नात आणि गाडीबरोबर आलेला चालक असे आम्ही फेब्रुवारीत निघालो. मला या वाटेची ओढ वेगळ्या कारणाने होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच किनाऱ्यावरच्या एका खाडीकाठच्या गावात मी शाखाधिकारी होतो.

हा किनारा नुसता सुंदर नाही, तो इतिहासाने भरलेला आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आमच्या वाटेवरचे. सिंधुदुर्गाचा पाया १६६४ मध्ये घातला गेला आणि तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. खांदेरीवर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. सुवर्णदुर्ग १७५५ मध्ये पडला आणि पुढच्याच वर्षी विजयदुर्ग. त्यानंतर या पाण्यावर मराठी आरमाराचा दरारा पूर्वीसारखा राहिला नाही.

नातीने हर्णैच्या किनाऱ्यावर विचारले, ‘आजोबा, एवढ्या पाण्यात किल्ला कशाला बांधायचा? तिथे तर कुणीच राहत नाही.’ प्रश्न बरोबर होता. किल्ला राहण्यासाठी नव्हता, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी होता. कान्होजी आंग्रे यांच्या काळात या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबताला त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे लागे. इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटले, कारण परवान्याचे पैसे देणे इंग्रजांच्या जिवावर येत होते. त्या साऱ्या लढायांमागचा व्यवहार एका वाक्यात सांगता येतो. खाडीचे तोंड ज्याच्या हाती, किनाऱ्यावरून वाहणारा पैसा त्याच्या हाती.

आज गलबते नाहीत, मोटारी आहेत. पण प्रश्न तोच आहे. या किनाऱ्यावरून आता जो पैसा वाहणार आहे, तो कोणाच्या हाती राहणार?

कारण तो वाहणार, हे नक्की. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग बॅ. अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून, म्हणजे १९८० नंतरच्या काळापासून, आपण ऐकतो आहोत. त्याचे तुकडे झाले, पण खाड्यांनी त्याला अडवून धरले. बाणकोट खाडीवरच्या पुलाचे काम सुरू होऊन वर्षानुवर्षे रखडले. आता राज्य रस्ते विकास महामंडळाने हा मार्ग पुन्हा हाती घेतला आहे आणि धरमतर, आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर मोठ्या पुलांची योजना आहे. त्याच्या कडेने नवी विकासकेंद्रे आखली जात आहेत. तिकडे जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि अलिबाग मुंबईच्या अंगणात आले. मुंबई-गोवा महामार्गाच्या २०११ मध्ये सुरू झालेल्या चौपदरीकरणाने दहा वर्षांहून अधिक काळ प्रवाशांचा अंत पाहिला, म्हणून तर लोक समुद्राकाठच्या वाटेकडे अधिक आशेने पाहू लागले. आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आम्ही जे चाकांवरचे घर घेऊन गेलो, त्याला सरकारदरबारी असलेले हे नाव.

आम्ही मात्र अजून जुन्या पद्धतीने गेलो. आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेशवीला, दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला, अशा चार खाड्या फेरीबोटीने ओलांडल्या. दाभोळची फेरी २००३ मध्ये सुरू झाली. लोक तिला जंगलजेटी म्हणतात. त्याआधी दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला मोटार न्यायची तर चिपळूणचा लांबलचक वळसा. आता बोटीत गाडी चढवली की काही मिनिटांत पैलतीर. पण बोट येईपर्यंत थांबावे लागते, आणि या थांबण्यातच एक छोटासा बाजार उभा राहिला आहे. चहा, वडापाव, कोकम सरबत, उकडलेल्या शेंगा, सुके बोंबील, आणि ‘घ्या हो, घरची आमसुले आहेत’ म्हणणारी आजी. वेशवीला उतरलो तेव्हा माझ्या पत्नीच्या पिशवीत कुळथाचे पीठ, आमसुले आणि तिरफळे होती. यांतले काहीही घ्यायचे म्हणून आम्ही घरून निघालो नव्हतो. थांबलो, म्हणून घेतले.

म्हणजे पूल नकोत, असे मी म्हणतो आहे का? मुळीच नाही. फेरीबोटीच्या नावाने हळवे होण्याचा अधिकार मला नाही, कारण मी त्या खाडीकाठी राहिलो आहे. माझ्या शाखेतल्या शिपायाच्या बायकोला एका रात्री कळा सुरू झाल्या. रुग्णालय पलीकडच्या तीरावर. पाण्याला ओहोटी लागलेली, वाऱ्याचा जोर, आणि होडीवाला पाण्यात उतरायला तयार नव्हता. त्याचीही चूक नव्हती. पहाटे भरतीबरोबर होडी निघाली. बाई वाचली, मूल वाचले नाही. आम्ही सगळे रात्रभर धक्क्यावर कंदील घेऊन उभे होतो आणि समोर, अगदी हाकेच्या अंतरावर, पलीकडच्या गावाचे दिवे दिसत होते. तेव्हापासून कोणी खाडीवर पूल नको म्हटले की मला तो धक्का आठवतो. पूल हवेत, आणि ते पूर्वीच व्हायला हवे होते.

पण पूल झाला म्हणजे गावाचे भले झाले, असा हिशेब मांडणे ही नोंद अर्धी टाकण्यासारखे आहे. पुलावरून रुग्ण जातो, विद्यार्थी जातो, आंब्याची पेटी जाते, ही जमेची बाजू. त्याच पुलावरून पर्यटकही जातो, न थांबता. ही दुसऱ्या रकान्यातली नोंद कोणी करीत नाही.

घरी परतल्यावर मी आमच्या सहलीचा हिशेब लिहून काढला. गाडीचे भाडे सर्वांत मोठे, ते मुंबईतल्या व्यावसायिकाकडे गेले. डिझेलचे पैसे तेल कंपन्यांकडे. पंपवाल्याचे कमिशन तेवढे कोकणात राहिले. धान्य, भाजी, बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या आम्ही निघतानाच वाशीला भरून घेतल्या होत्या, कारण गाडीत ओटा होता ना! कोकणात खर्च झाला तो फेरीबोटीचे तिकीट, तीन वेळचे मासळीचे जेवण, किल्ल्यावर नेणाऱ्या होडीचे पैसे, काजू, आमसुले आणि मालवणातली एक रात्र. दर शंभर रुपयांमागे जेमतेम बावीस रुपये या किनाऱ्यावर राहिले. पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही याच बाजूला एसटीने आलो होतो आणि लोकांच्या घरी उतरलो होतो. तेव्हा तिकिटाखेरीज उरलेला जवळजवळ सगळा पैसा त्या-त्या गावात गेला होता. म्हणजे आमची सोय वाढली तसा यजमानाचा वाटा घटला.

हा प्रकार मला ओळखीचा वाटला. माझ्या शाखेत ठेवी भरपूर होत्या. मुंबईच्या गिरणीतून, गोदीतून आणि पुढे आखातातून आलेला पैसा लोक विश्वासाने आणून ठेवीत. कर्ज मागायला मात्र फारसे कोणी येत नसे, आणि आले तरी तारणाचे घोडे अडे. सात-बारावर सतरा चुलत्यांची नावे! परिणामी गावाची ठेव मुंबईतल्या कोणाच्या तरी कारखान्याला कर्ज म्हणून जाई आणि गावातला मुलगा त्याच कारखान्यात नोकरी शोधायला जाई. आम्ही अधिकारी ठेवींचे उद्दिष्ट पूर्ण झाले म्हणून पेढे वाटत असू. आज ठेवीच्या जागी समुद्र आहे. ठेव कोकणाची, आणि उत्पन्न दुसरीकडे. दाभोळ खाडीच्या तोंडाशी उभा राहिलेला एन्रॉनचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, तेव्हा त्यात आपल्या वित्तसंस्थांचा पैसा अडकला. मोठा प्रकल्प आला की गाव सुधारते, हे गृहीतक त्या धुराड्यांनी तेव्हाच तपासायला लावले होते. आपण तपासले का?

आता एक कबुली. चाकांवरच्या घरात संडास असतो, आणि संडास असला की मैलापाण्याची टाकी असते. ती तीन-चार दिवसांत भरते. तिसऱ्या दिवशी पहाटे चालक ‘गाडी धुऊन आणतो’ म्हणून गेला आणि तासाभराने परत आला. गाडी धुतलेली दिसत नव्हती, पण टाकीचा दिवा लाल होता तो हिरवा झाला होता. मी पाहिले, मुलाने पाहिले. कोणीच काही विचारले नाही. तपासणी अधिकारी म्हणूनही मी काही वर्षे काम केले आहे. न विचारलेला प्रश्न हीसुद्धा एक सही असते, हे मला पक्के ठाऊक आहे. अखेर मालवणात मी त्याला विचारले. तो बिचारा खालमानेने म्हणाला, ‘साहेब, टाकी रिकामी करायला वाटेत जागाच नाही. मालक सांगतात, बघून घ्या.’ त्याने बघून घेतले होते, एका ओढ्यात. तो ओढा पुढे ज्या खाडीला मिळतो, तिथे बायका कालवे काढायला उतरतात.

दोष त्याचा किती आणि आमचा किती? ज्यांनी ‘बघून घ्या’ म्हटले त्यांचा तर आहेच. पण गाडीला नोंदणी आणि रस्त्याला कोट्यवधी रुपये देणाऱ्या व्यवस्थेने मध्ये एक टाकी बांधायची राहून गेली, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेत या गाड्यांचा सुकाळ आहे. आपण त्यांची चकचकीत छायाचित्रे पाहतो आणि गाडीच्या मोहात पडतो. पण तिथली खरी गंमत गाडीत नाही, मुक्कामात आहे. सरकारी उद्यानांत आणि खासगी तळांवर ठरलेल्या जागा असतात, अनेक ठिकाणी पाण्याचा नळ आणि विजेची जोडणी मिळते, मैलापाणी सोडण्याची बांधीव सोय असते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा प्रसिद्ध हायवे वन अशा प्रवाशांचे तीर्थक्षेत्रच आहे. तिथल्या मतदारांनी १९७२ मध्ये कौल देऊन किनाऱ्याच्या रक्षणासाठी आयोग नेमायला लावला आणि १९७६ मध्ये त्याला कायम कायद्याचे रूप मिळाले. किनाऱ्यावर कितीही श्रीमंताचा बंगला असो, सामान्य माणसाची समुद्राकडे जाण्याची वाट राखली पाहिजे, हे त्या कायद्याचे एक मूळ सूत्र. आणि निसर्गाशी त्यांचेही भांडण संपलेले नाही. बिग सूर भागातला १९३७ मध्ये खुला झालेला हा रस्ता मे २०१७ मध्ये प्रचंड दरड कोसळून तुटला, तो सव्वा वर्षाने, जुलै २०१८ मध्ये, सुरू झाला. पैसा आणि यंत्रे असूनही डोंगर आणि समुद्र यांच्या मधला रस्ता सतत राखावा लागतो. आपल्याकडे जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या केल्या. बागायतदारांची ती जखम अजून पुरती भरलेली नाही.

एवढे ऐकल्यावर वाचक म्हणतील, मग ही गाडी कोकणात नकोच. माझे मत नेमके उलट आहे. चाकांवरचे घर किनाऱ्यावर पाया खणत नाही. रिसॉर्ट बांधायचे तर जमीन विकावी लागते, आणि एकदा विकलेली जमीन परत येत नाही. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ मध्ये आली तेव्हा भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत बांधकामावर नियंत्रण होते. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा पन्नास मीटरवर आणला. सागरी महामार्गाची नुसती चर्चा झाली तरी दलाल दारात येतात. माझ्या जुन्या गावात परवा एक खातेदार भेटला. म्हणाला, ‘साहेब, तुम्ही कर्ज दिले नव्हते, बरे झाले, आता जमिनीचे इतके येतात की कर्जाची गरजच नाही.’ तो आनंदात होता. त्याचा मुलगा मात्र आपण विकलेल्या जागेवरच्या रिसॉर्टमध्ये फाटकावर उभा राहतो. हे त्याने सांगितले नाही, मी जाताना पाहिले.

याउलट, गाडी येते, राहते आणि जाते. जमीन गावाचीच राहते. फक्त ती कोणाच्या तरी दारात थांबली पाहिजे आणि थांबल्याचे मोल तिने मोजले पाहिजे. २०२१ च्या धोरणात गाड्यांबरोबर त्यांच्या तळांचाही विचार आहे. माझे म्हणणे एवढेच, की हे तळ मोठ्या ठेकेदाराचे पाचपन्नास गाड्यांचे नकोत. ते गावोगावचे, चार-पाच गाड्यांचे असावेत. एखाद्या माडाच्या बागेची कड, पाण्याचा नळ, विजेचे मीटर, मैलापाण्याची बंदिस्त टाकी. चालवणार ग्रामपंचायत किंवा बायकांचा बचत गट. सकाळी घावणे-चटणी आणि दुपारी मासळी तिथल्याच घरातून. पूल झाल्यावर ओस पडणारे फेरीबोटीचे धक्के या तळांसाठी याहून चांगले कशाला वापरायचे? गाडीची टाकी कुठे रिकामी केली याची पावती असावी, आणि पावती नसेल तर मालकाला दंड. गाडी भाड्याने देणाऱ्याचा परवानाच त्या पावत्यांवर अवलंबून ठेवला, तर ‘बघून घ्या’ हे शब्द आपोआप बंद होतील.

यासाठी लागणारा पैसा एखाद्या पुलाच्या एका खांबापुढेही किरकोळ आहे. शाखाधिकारी असतो तर असे कर्ज मी पहिल्या भेटीत मंजूर केले असते, कारण याचे तारण भक्कम आहे. समुद्र कुठे पळून जात नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर तिथे जे काही टिकले, ते मोठ्या घोषणांवर नव्हे, तर पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारीसारख्या योजनांतून स्वतःच्या घरातली एक खोली रंगवून पाहुण्याला देणाऱ्या साध्या माणसांच्या बळावर.

त्या रात्री मालवणात आम्ही गाडी खानावळीच्या अंगणात लावली आणि बाईंच्याच वरच्या खोलीत झोपलो. गाडीत एकटा चालक निजला. नातीला शीतयंत्राशिवाय झोप येईल की नाही याची तिच्या वडिलांना चिंता होती. ती चटईवर आजीच्या कुशीत पडल्या पडल्या झोपली. सकाळी मी पैसे द्यायला गेलो, तेव्हा बाईंनी खोलीचे आणि जेवणाचे सांगितले आणि पुढे म्हणाल्या, ‘अंगणात गाडी लावलात, तेचे नकोत.’ मी आग्रह केला, त्यांनी ऐकले नाही.

अंगणाचे पैसे न घेणे हा त्यांचा मोठेपणा. पण तो आपण गृहीत धरायचा का? खाडीवर पूल होतील, रस्ता रुंद होईल, अशी घरे शेकड्यांनी या वाटेने येतील. त्या अंगणाची किंमत ठरवणारा माणूस त्या अंगणातलाच असला पाहिजे. ते आज ठरले नाही, तर उद्या ती किंमत दुसरेच कोणी ठरवील, आणि मग बाईंनी विचारलेल्या प्रश्नाला आपल्याकडे खरेच उत्तर उरणार नाही.